साडेतेरा बाय साडेसात : अंदमानच्या दंडवसाहतीचा इतिहास

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास हवाच, असा रिवाज आहे. नागपूरच्या नंदनवनातल्या आमच्या अभ्यास मंडळाचा इतिहास तसा चार ओळींचा. रविवारी सकाळी जमतो, एक विषय घेतो, वाचतो, बोलतो, चहा पिऊन घरी जातो. म्हणून संपादक मंडळाने यंदा वेगळे ठरवले. ज्या संस्थेचा आम्ही वर्षभर अभ्यास केला, तिचाच इतिहास स्मरणिकेत द्यायचा. ती संस्था म्हणजे अंदमानची दंडवसाहत. कोर्टाच्या नोकरीत माझी हयात गेली, म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

विषयाला सुरुवात झाली एका आकड्यापासून. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा जुने आणि नवे कायदे आम्ही शेजारी शेजारी ठेवून वाचत होतो. नव्या संहितेच्या कलम 6 मध्ये आहे की शिक्षेचा अंश काढायचा असेल तेव्हा आजन्म कारावास वीस वर्षांच्या कारावासाइतका धरावा. बैठकीला येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीने विचारले, "काका, वीसच का? आम्ही तर चौदा ऐकलं आहे." चौदाचे उत्तर सोपे होते. 1978 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 433-अ आले. त्यानुसार ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला सरकारने शिक्षेत सूट दिली तरी चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढावीच लागतात. चौदा ही किमान मर्यादा आहे, शिक्षेची मुदत नव्हे. पण वीस? 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 57 होते, त्यातही हाच आकडा होता. फक्त तिथे शब्द 'आजन्म कारावास' नव्हता, 'ट्रान्सपोर्टेशन' होता. म्हणजे समुद्रापार पाठवणी. आपल्या आजीच्या तोंडचे काळे पाणी. कायद्यातला तो शब्द 1955 च्या दुरुस्तीने गेला आणि 1 जानेवारी 1956 पासून त्याच्या जागी आजन्म कारावास आला. आकडा मात्र जागचा हलला नाही.

त्या आकड्याच्या मागे एक बेट आहे.

1789 मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर याने चॅथम बेटावर पहिली वस्ती केली. ती पुढे उत्तरेला हलवली आणि रोगराईमुळे 1796 मध्ये गुंडाळली. साठ वर्षे तिकडे कोणी पाहिले नाही. मग 1857 चा उठाव झाला. तुरुंग भरले, आणि ज्यांना फासावर चढवले नाही त्यांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न सरकारपुढे आला. डॉ. मोआट यांच्या समितीने बेटांची पाहणी केली. 22 जानेवारी 1858 रोजी कॅप्टन मॅन याने तिथे झेंडा लावला आणि 10 मार्च 1858 रोजी डॉ. जे. पी. वॉकर दोनशे कैद्यांना घेऊन उतरला. हा वॉकर त्याआधी आग्र्याच्या तुरुंगाचा कारभार पाहत असे.

वॉकरला जे अधिकार मिळाले, त्यांची मजल पहिल्या काही महिन्यांतच दिसली. कैदी जंगलात पळत होते. पळून जाणार कुठे, हे त्यांना ठाऊक नव्हते. जंगल ओलांडले की ब्रह्मदेश लागतो, असा काहींचा समज होता. जे परत आले किंवा पकडले गेले, त्यांतल्या ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने फाशी दिली. कलकत्त्याच्या सरकारनेच यावर नापसंती कळवली. ही पत्रे कागदोपत्री आहेत, आणि मला ती फार महत्त्वाची वाटतात. फाशी देणारा अधीक्षक आणि दाद ऐकणारे सरकार यांच्यामध्ये समुद्र होता. नापसंतीचे पत्र बोटीने जाईपर्यंत दोर ओढला गेलेला असे.

या बेटांवर आधीपासून राहणारी माणसे होती. त्यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता. मे 1859 मध्ये ॲबरडीन इथे त्यांनी वसाहतीवर हल्ला केला. कैद्यांतून पळून त्यांच्यात वर्षभर राहिलेल्या दूधनाथ तिवारीने आधीच खबर दिली होती, त्यामुळे धनुष्यबाणांपुढे बंदुका तयार होत्या. पुढे बंदुकीपेक्षा रोगांनी जास्त माणसे मारली. 1901 च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी जमातींची 625 माणसे उरली होती. आज ती पन्नासच्या आसपास आहेत. त्यांच्या संरक्षणाचा विनियम 1956 मध्ये झाला, म्हणजे वसाहत बसल्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. दंडवसाहतीचा इतिहास सांगताना हे लोक बहुधा एका वाक्यात येतात. माझ्याही लेखात त्यांना एकच परिच्छेद मिळतो आहे, याचे मला वाईट वाटते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मराठी वाचकाला अंदमान म्हटले की सेल्युलर जेल आठवतो. पण तो जेल वसाहतीच्या पन्नासाव्या वर्षाच्या सुमारास उभा राहिला. त्याआधी आणि नंतरही शिक्षेचा खरा सांगाडा होता कैद्याच्या पायऱ्यांचा. 1908 च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये तो नीट लिहून ठेवला आहे. आलेला पुरुष कैदी पहिले सहा महिने कोठडीत एकटा. मग दीड वर्ष इतरांबरोबर काम, रात्री पुन्हा कोठडी. मग तीन वर्षे टोळीत सक्तमजुरी. मग पाच वर्षे मजुरीच, पण थोडे हलके काम आणि किरकोळ भत्ता. अशी दहा वर्षे सरळ गेली की त्याला 'तिकीट' मिळे आणि तो 'सेल्फ सपोर्टर' होई. खेड्यात झोपडी बांधावी, शेती करावी, गुरे पाळावी, लग्न करावे किंवा देशावरून बायकामुलांना बोलवावे. बायकांच्या तुरुंगातल्या कैदी स्त्रीलाही पाच वर्षांनी लग्नाची मुभा होती. वीस ते पंचवीस वर्षांनी पूर्ण सुटका.

वरवर पाहता ही उदार व्यवस्था वाटते, आणि काही इंग्रज अधिकाऱ्यांना तिचा मनापासून अभिमान होता. पण त्याच गॅझेटियरने या तिकीटवाल्याबद्दल स्पष्ट लिहिले आहे की तो मोकळा नाही, त्याला नागरी हक्क नाहीत, वसाहत सोडता येत नाही आणि रिकामे बसता येत नाही. एवढे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसलो. शेत आहे, बैल आहे, बायको आहे, मूल आहे, आणि यांपैकी एकावरही हक्क नाही. सगळे कचेरीने दिलेले. दिलेले आहे म्हणजे परत घेता येते. एखाद्या जमादाराशी वाकडे आले, कामाला उशीर झाला, की माणूस दोन पायऱ्या खाली. 1901 मध्ये वसाहतीतल्या एकूण कैद्यांची संख्या बारा हजारांच्या घरात होती. त्यांतले बहुसंख्य राजकीय नव्हते. खून, दरोडा यांत सापडलेली पंजाब, मद्रास, ब्रह्मदेश, मुंबई अशा सगळ्या प्रांतांची माणसे होती ती. त्यांच्यातूनच पुढे 'लोकल बॉर्न' म्हणवणारा समाज झाला. जाती, भाषा, धर्म मिसळलेला आणि घरात हिंदुस्थानी बोलणारा.

वरिष्ठांना मात्र ही शिक्षा फार सौम्य होत चालली आहे असे वाटू लागले. 1890 मध्ये लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी पाहणी करून सुचवले की आल्या आल्या कैद्याला कडक टप्प्यातून न्यावे. त्यातून सेल्युलर जेलची कल्पना निघाली. 1896 मध्ये काम सुरू झाले, 1906 मध्ये संपले. विटा ब्रह्मदेशातून आणल्या आणि मजुरी कैद्यांचीच. मधोमध मनोरा, आणि सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती. कैदी त्यांना चाळी म्हणत. एका चाळीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कोठडीतला माणूस कधीही दिसू नये. एकूण कोठड्या सातशेच्या जवळपास. चार जणांनी एकत्र झोपावे अशी एकही खोली नाही.

कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. आकडा वाचून काही कळत नाही, म्हणून आम्ही सभागृहाच्या फरशीवर खडूने तेवढा चौकोन आखला. नंदनवनातल्या जुन्या लेआउटमधल्या घरांच्या स्वयंपाकघरांपेक्षा तो फार लहान नाही, असे कोणीतरी म्हणाले, आणि ते खरे होते. मग एकेकाला त्यात उभे केले. लांबीत सहा पावले, रुंदीत तीन. उजेड मागच्या भिंतीत दहा फुटांवरच्या एका झरोक्यातून येणार. पुढे गजांचे दार, आणि त्याची कडी दाराबाहेर भिंतीतल्या कोनाड्यात, हात घातला तरी पोचणार नाही इतकी दूर. चौकोनात उभ्या राहिलेल्या एका गृहस्थांनी हात लांब करून ती कडी कुठे असेल ते दाखवायचा प्रयत्न केला. कोपर गजांच्या रेषेशी अडले. सभागृहात कोणी बोलले नाही.

या जेलात मराठी नावे थोडी आहेत. 1909 मध्ये गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली, राजद्रोही ठरवलेल्या कविता छापल्याबद्दल, दंड संहितेच्या कलम 121 खाली. त्यानंतर नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा 21 डिसेंबर 1909 रोजी वध झाला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याला फाशी झाली, आणि वामनराव जोशी अंदमानात गेले. विनायक दामोदर सावरकरांना 24 डिसेंबर 1910 आणि 30 जानेवारी 1911 अशा दोन जन्मठेपा झाल्या, पंचवीस अधिक पंचवीस. 4 जुलै 1911 रोजी ते 'महाराजा' बोटीने पोर्ट ब्लेअरला उतरले. क्रमांक 32778. छातीवर लाकडी बिल्ला, त्यावर कलमे, शिक्षेची तारीख आणि सुटकेचे वर्ष 1960.

त्या काळच्या कलम 121 मध्ये शिक्षेबरोबर सगळी मालमत्ता सरकारजमा करण्याची तरतूद होती. ती 1921 च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे शिक्षा कैद्याला, आणि घरातली भांडीकुंडी सरकारला. मागे राहिलेल्या बायकांवर काय गुदरले, ते बाबारावांच्या पत्नी येसूवहिनींच्या आयुष्यात दिसते. नवऱ्याच्या भेटीची परवानगी मिळावी म्हणून त्या वर्षानुवर्षे थांबल्या आणि 1919 मध्ये वारल्या. त्याच वर्षी विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई आणि धाकटे बंधू नारायणराव यांना पोर्ट ब्लेअरला जाऊन दोघा भावांना भेटता आले. आठ वर्षांनी पहिली भेट. भेट हा त्या बेटावर हक्क नव्हता, मेहेरबानी होती.

जेलातले दिवस बऱ्याच जणांनी लिहून ठेवले आहेत. सावरकरांचे 'माझी जन्मठेप' मराठी घरांत आहेच, सहकैदी बारींद्र घोष यांच्याही आठवणी आहेत. नारळाचा छिलका कुटून काथ्या काढणे हे हलके काम. कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला जुंपणे हे भारी. दिवसाला तीस पौंड खोबरेल, म्हणजे जवळजवळ साडेतेरा किलो. काम भरले नाही तर उभी हातकडी, आडवी बेडी, कांजीवर ठेवणे, आणि शेवटी टिकटिकीला बांधून फटके. 1894 च्या कारागृह अधिनियमात तुरुंगातल्या अपराधाला तीस फटक्यांपर्यंत परवानगी होती. जेलर डेव्हिड बारी यांचा दरारा सर्वांनी वर्णिला आहे. पण मला बारीपेक्षा पेटी ऑफिसर जास्त भयंकर वाटतात. ते स्वतः कैदीच. दुसऱ्यावर पहारा करून स्वतःची पायरी चढणारे. शिक्षेची अंमलबजावणी कैद्यांकडूनच करून घेणे, ही या संस्थेची सर्वांत काटकसरीची युक्ती होती.

इथे एक कायद्याची बाब सांगितलीच पाहिजे. दंड संहितेच्या कलम 73 आणि 74 मध्ये एकांतवासाला मर्यादा होती: कोर्टाने दिलेल्या शिक्षेत एकूण तीन महिन्यांपर्यंत, आणि एका वेळी चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही. कायदा करणाऱ्यांना माहीत होते की एकटेपणाने माणूस मोडतो. तरी बेटावर पहिले सहा महिने कोठडीतले होते. ते कोर्टाने दिलेला एकांतवास म्हणून नव्हे, तुरुंगाची शिस्त म्हणून. नाव बदलले की कलमाची मर्यादा लागत नाही. कोर्टात मी हा प्रकार इतर संदर्भांत पाहिला आहे, म्हणून मला तो ओळखू आला.

1912 मध्ये इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत गळफास घेतला. त्याच वर्षी उल्हासकर दत्त यांचे मानसिक संतुलन गेले. होतीलाल वर्मांनी चोरून बाहेर पाठवलेले पत्र कलकत्त्याच्या 'बेंगॉली'त छापले गेले, आणि तेव्हा कुठे देशाला कळले. पुढच्या वर्षी गृहखात्याचे सदस्य सर रेजिनाल्ड क्रॅडॉक पाहणीला गेले. हे नाव नागपूरकरांना परके नाही. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर म्हणून ते 1907 पासून 1912 पर्यंत इथेच होते, आणि आपल्या धंतोलीच्या भागाला अनेक वर्षे क्रॅडॉक टाउन म्हणत. आपल्या शहरात वस्त्या आखणारा माणूस वर्षभरात त्या कोठड्यांसमोर उभा होता.

त्यांच्यापुढे सावरकर, बारींद्र घोष, हृषिकेश कांजीलाल, नंदगोपाल, सुधीर सरकार यांनी अर्ज केले. सावरकरांच्या अर्जाविषयी आज टोकाची मते आहेत, आणि आमच्या बैठकीतही आवाज चढले. माझे मत मी तिथे सांगितले तेच इथे लिहितो. अर्जाचा मजकूर वाचताना, अर्ज करणाऱ्यासमोर दुसरा कोणता दरवाजा होता हेही पाहिले पाहिजे. हिंदुस्थानातल्या तुरुंगात मिळणाऱ्या सवलती राजकीय कैद्याला तिथे नव्हत्या, आणि साध्या जन्मठेपवाल्याला मिळणारी बाहेरच्या कामाची पायरीही त्यांना नाकारली जात होती. हक्क नसले की फक्त अर्ज उरतो. कोणी किती वाकले हा वाद घालणाऱ्याने आधी त्या दरवाजाची उंची मोजावी.

कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या तुरुंग समितीने 1919-20 मध्ये पाहणी करून ही पाठवणी जवळजवळ बंदच करावी असे सुचवले. मे 1921 मध्ये सावरकर बंधू परत आले. पण संस्था मेली नाही. 1932 पासून बंगाल आणि इतर प्रांतांतले क्रांतिकारक पुन्हा तिथे जाऊ लागले. मे 1933 च्या उपोषणात महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र यांना बळजबरीने नळीने दूध पाजताना मृत्यू आला. त्यानंतर वाचायला पुस्तके, रात्री दिवा, बरे अन्न मिळाले. तीन जीव गेल्यावर दिवा मिळाला. जुलै 1937 मध्ये दुसरे मोठे उपोषण झाले आणि जानेवारी 1938 पर्यंत राजकीय कैद्यांना देशावर परत आणले गेले.

पुढची वर्षे भरभर सांगतो. जून 1941 च्या भूकंपाने इमारतीचे नुकसान झाले. मार्च 1942 मध्ये जपानी आले. ज्यांनी त्यांना मुक्तिदाते मानले असेल त्यांचा भ्रम लवकर फिटला. डॉ. दिवाण सिंग याच जेलात जपान्यांच्या छळाने जानेवारी 1944 मध्ये वारले, आणि त्याच महिन्यात होम्फ्रेगंजला 44 जणांना गोळ्या घातल्या. सातांपैकी चार चाळी पाडल्या गेल्या, आणि स्वातंत्र्यानंतर त्या जागेवर गोविंद वल्लभ पंत रुग्णालय झाले. उरलेल्या तीन चाळी आणि मनोरा 11 फेब्रुवारी 1979 रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी राष्ट्रीय स्मारक म्हणून अर्पण केला. मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर प्रांतवार नावे आहेत. त्या बारा हजार साध्या कैद्यांची नावे कुठल्याच पाटीवर नाहीत.

आणि वीस वर्षे? त्यांचा प्रश्न कोर्टात आला तो बेट रिकामे झाल्यावर. ज्याला समुद्रापार पाठवायचे आहे त्याला देशातल्याच तुरुंगात ठेवता येते, हे प्रिव्ही कौन्सिलने 1944 मध्ये किशोरीलालच्या खटल्यात मान्य केले होते. गांधीहत्येच्या खटल्यात गोपाळ गोडसे यांना 1949 मध्ये हीच शिक्षा झाली. सूट धरून वीस वर्षे भरली, आता सोडा, असे म्हणत ते सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी 1961 मध्ये न्यायालयाने सांगितले की जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य. वीसचा आकडा फक्त अंश काढण्यापुरता आहे. सूट द्यायची की नाही, हे सरकार ठरवेल.

एवढे सांगून झाल्यावर ती कॉलेजची मुलगी म्हणाली, "म्हणजे आजही सुटका अर्जावरच." मी म्हटले, बरेच बदलले आहे. कोर्टाने द्यायची फटक्यांची शिक्षा 1955 मध्ये कायद्यातून गेली. 1978 मध्ये सुनील बत्रा खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिले की तुरुंगाच्या दारात मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. एकांतवास आणि बेड्या यांवर तेव्हापासून लगाम आहे. तिने ते लिहून घेतले आणि विचारले, "मग आतला माणूस मत देऊ शकतो का?" नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 62(5). शिक्षा झालेला असो की खटल्याची वाट पाहणारा कच्चा कैदी, कोठडीत आहे तोवर मत नाही. स्थानबद्ध मात्र देऊ शकतो.

"कच्चा कैदीसुद्धा? ज्याच्यावर काही सिद्धच झालेलं नाही तो?" तिने पुन्हा विचारले. फरशीवरचा चौकोन अजून पुसला नव्हता. चहा गार झाला होता. पुढच्या रविवारचा विषय तोच ठेवला.